उपटलेल्या चिठ्ठ्या

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कुणाचं, तर मंदाकिनी खरात बाईंचं. हे वाक्य मी नोकरीच्या मुलाखतीत बोललोय, मित्रांच्या लग्नात बोललोय, एकदा ट्रेनिंगमध्ये कुणीतरी माइक हातात दिला तेव्हाही बोललोय. तुमच्यासमोर मात्र कधी बोललो नाही, बाई. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, "ऋण-बिण काही न्हाई. वर्गात आल्तास म्हणून शिकवलं. न्हाई आला असतास तर न्हाई शिकवलं असतं."

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. कुंभार पिंपळगावच्या शाळेत फळ्यावर तुमचं नाव लिहिलं होतं, खाली जन्माचं साल, नोकरीची वर्षं, सगळं सुवाच्य. ते मी इथं पुन्हा लिहीत नाही. मला तुमच्याशी बोलायचंय, कारण आपला वाद अर्ध्यावर राहिलाय. आणि वादापेक्षा जड गोष्ट ही की शेवटच्या भेटीत मी तुमच्याशी एक खोटं बोललो. ते मागे घ्यायला मी पत्र लिहिलं होतं. ते पत्र माझ्यासमोर आहे. ते इथं कसं आलं ते सांगतो, पण आधी चिठ्ठ्यांचं सांगू द्या, नाहीतर दुसरं कुणी वाचलं तर त्याला काहीच कळायचं नाही.

तुम्ही लग्नपत्रिका टाकून द्यायच्या नाहीत. गावातल्या प्रत्येक घरची पत्रिका बाईंना जायचीच, त्यामुळे जाड कागदाला तोटा नव्हता. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूचे तळहाताएवढे तुकडे कापायचे आणि त्यावर लोकांच्या तोंडचे शब्द टिपायचे, हा तुमचा तीस वर्षांचा नाद. वर शब्द, खाली अर्थ. त्याखाली कुणी सांगितला, गाव कोणतं, बाई असेल तर माहेर कोणतं. शेवटची ओळ नेहमी एकच: कुणाकडून उचलला. आजीकडून, जावेकडून, बाजारातल्या मणेरीवाल्याकडून, माहीत नाही. मग कोपऱ्याला भोक पाडून सुतळीत ओवायचं. चुलीची एक माळ, गुरांची एक, शेताची एक, दुखण्याखुपण्याची एक. तुमच्या खोलीत खुंटीवर त्या माळा लोंबत असायच्या आणि वारं आलं की खुळखुळायच्या.

मी त्या पहिल्यांदा पाहिल्या त्या अंबडच्या गाडीत. बारावीनंतर मला कृषीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कोणता कागद कोणत्या खिडकीत द्यायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. आई मजुरीला जाणारी. तुम्ही म्हणालात, "मी येते." तीन वेळा आलात. तिन्ही वेळा साहेब जागेवर नव्हते की शिक्का नव्हता की काहीतरी नव्हतं. मला रडू यायचं. तुम्ही पर्समधून चिठ्ठ्या काढायच्या आणि शेजारच्या बाईकडे वळायच्या.

एकदा शेजारी एक म्हातारी होती, पिशवीतून खुरप्याचा दांडा बाहेर आलेला.

"मावशी, हे घेऊन रानात जायचं त्याला तुमच्याकडं काय म्हणतेत?"

म्हातारीनं तुम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कशाला? घरकुलाची यादी करून राह्यल्या का?"

"न्हाई हो. नुसता शब्द पाहिजे."

"शब्दाचं काय करतेत?"

"ठेवतेत."

"ठेवतेत!" ती माझ्याकडे बघून हसली. "तुमची मास्तरीण बरी हाय ना? लिहा मंग. निंदायला चाल्ले म्हणतो आम्ही. सून खुरपायला म्हणती, ती घनसावंगीकडची हाय." मग तुमचा पेन थांबलेला पाहून ती पुढे झुकली. "अन् माझं नाव बराबर लिहा. सगळ्यात आधी ते लिहा."

तुम्ही लिहिलंत. मला वाचून दाखवायला लावलंत. म्हातारीनं ऐकून मान हलवली आणि तिच्या थांब्यावर उतरून गेली. दाखल्याचं काम त्या दिवशीही झालं नाही. पण परतताना मी रडलो नाही, एवढं आठवतं.

पुढे दाखला मिळून परभणीला कृषीला गेल्यावर पहिल्या सुट्टीत मी तुमच्याकडे आलो तो फुगून आलो होतो. मला वाटलं होतं, आता बाईंना माहीत नसलेलं काहीतरी माझ्याकडे आहे. मी सांगितलं की प्रत्येक जीवाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो आणि तो फक्त चार अक्षरांत लिहिलेला असतो.

"किती म्हणालास?"

"चार, बाई."

"चारात भागतं त्यांचं?"

"तीन-तीन अक्षरांचे शब्द करतात. सगळे मिळून चौसष्ट होतात."

तुम्ही बोटांवर चार गुणिले चार गुणिले चार केलंत. "चौसष्ट शब्दांत ज्वारी?"

"ज्वारी, बैल, तुम्ही, मी."

"अन् मी इतकी वर्षं लिहून राह्यले, अजून चुलीपासून उठले न्हाई!" तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की शेजारच्या काकू काय झालं म्हणून डोकावल्या. "ये गं, बस. हा पोरगा म्हणतो, तुला अन् तुझ्या म्हशीला एकाच बाराखडीत लिहिलंय."

"म्हशीचं अक्षर चांगलं असंल मंग," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवशी तुम्ही मला जितकं विचारलंत तितकं कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं. शब्दाचा शेवट कुठं, हे त्यांना कसं कळतं? मी म्हणालो, चौसष्टांपैकी तीन शब्दांचा अर्थच मुळी 'थांब' असा आहे. मग उरले एकसष्ट. त्यांना अर्थ किती? वीसच. तुम्ही पेन खाली ठेवलंत. म्हणजे एकेका अर्थाला चार-चार, सहा-सहा शब्द? मी हो म्हणालो.

"मंग जास्तीचे टाकून का न्हाई दिले?"

मी पुस्तकात होतं तेच सांगितलं, की त्यानं फरक पडत नाही. तुम्ही मान हलवलीत, पण तुमचा विश्वास बसला नव्हता हे मला दिसलं. परीक्षेत 'समानार्थी शब्द लिहा' हा प्रश्न तुम्ही नाइलाजानं घालायच्या. "जल अन् पाणी एकच असंल तर घरी जाऊन म्हण, आई, मला जल दे. बघ काय देती ती." पुढे तिसऱ्या वर्षी मी शिकलो की ते जास्तीचे शब्दही अगदी सारखे नसतात. अर्थ तोच राहतो, पण काहींमुळे काम सावकाश होतं, काहींमुळे जल्दी. तुम्हाला सांगायला मी गाडीनं थेट पिंपळगावला आलो होतो. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "मला वाटलंच होतं."

असं आपलं वर्षानुवर्षं चालू राहिलं. मी एखादं साम्य आणायचो आणि तुम्ही त्यात खोट काढायच्या. मी म्हणालो, नक्कल करताना अक्षर चुकतं, ती चूक पुढच्या पिढ्यांत जाते, शब्दांचंही तसंच. तुम्ही म्हणालात, खरंय. मी म्हणालो, शेजारच्या शेतातले परागकण वाऱ्यानं उडून येतात तसे उर्दूतले शब्द आपल्यात आले. तुम्ही म्हणालात, खरंय, पण वाऱ्यानं न्हाई आले, कचेरीतून आले, बाजारातून आले, परागकण कधी हुकूम घेऊन येत न्हाई.

मग मी एकदा सांगितलं की पेशीत एक छोटा भाग असा असतो की त्यातला मजकूर लेकराला फक्त आईकडून मिळतो, बापाचा त्यात काही संबंध नाही. तुम्ही टाळीच वाजवलीत. "मंग हीच मातृभाषा!" चहा अर्धा झाला नाही तोच स्वतःच खोडलंत. "न्हाई. चूक. माझी आई परतूरकडची. इकडं नांदायला आली तेव्हा सासूनं पहिल्या सहा महिन्यांत तिचे अर्धे शब्द हसून हसून मारले. ती मला जे बोलली ते सासूचं बोलली. रक्ताचा संबंध न्हाई, अन् भाषा तिची. हे तुझ्या पुस्तकात कुठं बसतं?"

कुठंच बसत नव्हतं. दुसरीही एक गोष्ट बसत नव्हती, तीही तुमचीच. जनुकं वरून खाली येतात, लेकराकडून आईकडे कधी जात नाहीत. "पण शब्द जातेत," तुम्ही म्हणालात. "जनुक हा शब्द मला कुणी दिला? तू दिला. मी तर तुझी मास्तरीण." तुम्हाला त्याचं किती कौतुक वाटलं होतं! तुम्ही तेव्हाच त्याची चिठ्ठी केलीत आणि 'कुणाकडून उचलला' समोर माझं नाव लिहिलंत. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. कुणी बोचरं विचारलं तर तुम्ही म्हणायच्या, "आहे ना, दरवर्षी एक वर्ग."

आता माझ्या कामाचं. मी जालन्यात एका बियाणे कंपनीत आहे, हे तुम्ही सगळ्यांना सांगायच्या, जणू काही कंपनीच माझी. खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांकडे आमचे बीजोत्पादनाचे प्लॉट असतात. माझं काम त्यातलं रोगिंग नीट झालं की नाही ते बघणं. प्लॉटमध्ये ओळीओळीनं चालायचं आणि जे झाड वाणासारखं दिसत नाही ते उपटायचं. एखादं जास्त उंच असतं, एखाद्याच्या पानावर लव जास्त असते, एखाद्याचं फूल वेगळ्या रंगाचं. शंका आली तरी उपटायचं, हा पहिला धडा. दुसरा धडा, उपटलेलं झाड बांधावर टाकायचं नाही. त्यावरची कळी नंतरही उमलू शकते आणि परागकण प्लॉटमध्ये येऊ शकतात. लांब न्यायचं, पुरायचं, नाहीतर नष्ट करायचं. मी या कामात चांगला आहे. ते माझ्या हातात आणि डोळ्यांत इतकं भिनलंय की हॉटेलात पोहे खाताना मी वेगळ्या रंगाचा शेंगदाणा बाजूला काढतो.

गेल्या वर्षी तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही मला म्हणालात, "मिलिंद, हे सगळं टाइप करून दे. माझ्यानं आता वाचवत न्हाई. पुस्तक झालं तर झालं, न्हाई तर कॉम्प्युटरात तरी ऱ्हाईल." सगळ्या माळा तुम्ही स्वतः गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवल्यात. मला इतका अभिमान वाटला की गाडीत मी बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही.

चार महिने रोज कामावरून आल्यावर मी टाइप करत होतो. पहिल्याच आठवड्यात माझ्यातला रोगिंगवाला जागा झाला. एकाच वस्तूच्या नऊ चिठ्ठ्या. सहाजणींनी 'टोपलं' म्हटलेलं, एकीनं 'डाल', एकीनं 'दुरडी', एकीनं 'पाटी'. मी टोपलं ठेवलं. कुणी 'खर्चा' म्हटलेलं, मी 'खर्च' ठेवला. लेकरांनी केलेले शब्द काढले, एकट्या माणसाचे शब्द काढले, ज्यांचा अर्थ दोन गावांत वेगळा होता ते काढले. 'कुणाकडून उचलला' ही ओळ तर टाइपच केली नाही. पुस्तकात कुणाची जाऊ काय म्हणाली हे कशाला, असं मला वाटलं. खरं सांगतो, मला वाटत होतं मी तुमचं काम स्वच्छ करतोय. तुमच्या कामाची शान वाढवतोय. आणि काढलेल्या चिठ्ठ्या मी एका रिकाम्या बियाण्याच्या पिशवीत भरल्या आणि गल्लीत येणाऱ्या रद्दीवाल्याला दिल्या. घरात ठेवल्या असत्या तर चुकून पुन्हा मिसळल्या असत्या. मी जे शेतात करतो तेच केलं.

स्पायरल बाइंडिंग करून मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही ओसरीत होता. भिंग घेऊन तुम्ही पानं उलटत राहिलात. मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो.

"छान छापलंय," तुम्ही म्हणालात. "टोपलं आहे. डाल कुठं गेली?"

"एकच वस्तू आहे ना बाई. म्हणून एकच ठेवला."

"एकच? डालीखाली कोंबड्या झाकतेत. टोपल्याखाली झाकून दाखव मला."

आणखी चार पानं उलटलीत. "अन् माणसं? माणसं कुठं गेली?"

मी म्हणालो, शब्दकोशात नावं नसतात. तुम्ही भिंग खाली ठेवलंत.

"हे तर तू रोगिंग केलं रे, मिलिंद."

तो शब्द मीच तुम्हाला दिला होता. मला राग आला. चार महिने मी डोळे फोडले होते. मी म्हणालो, शुद्ध ठेवलं नाही तर वाण टिकत नाही बाई, शेतकऱ्याला पिशवीत एक सांगितलं आणि उगवलं दुसरं तर त्याचं वर्ष जातं.

"बिलकुल बराबर. पण तुझं बी त्यानं घरी ठेवलं अन् पुढच्या साली पेरलं तर?"

"तसंच येत नाही."

"मंग त्याला दरसाल तुझ्याच दारात यायचं. माझ्या चिठ्ठीतलं कुणीबी उचलावं अन् कुठंबी पेरावं, म्हणून तर लिहून राह्यले."

मी म्हणालो, भाषेला काहीतरी एक रूप नको का? मग तुम्ही आम्हाला शुद्धलेखन कशाला शिकवलंत? यावर तुम्ही थांबलात. उत्तर देणार होता असं मला वाटलं. तेवढ्यात माझ्या गाडीची वेळ झाली. ते उत्तर काय होतं, बाई? मला अजूनही वाटतं की माझ्या त्या प्रश्नात काहीतरी तथ्य होतं. त्यावर आपण आणखी दहा वर्षं बोललो असतो.

मी चपला घालत असताना तुम्ही म्हणालात, "असू दे. काम केलंस, चांगलं केलंस. माळा तेवढ्या परत आणून दे. मी कुणाकडून तरी वाचून घेईन."

आणि मी म्हणालो, "आणतो बाई. घरी ठेवल्यात."

ते खोटं. तेवढ्या दोन वाक्यांचं.

त्यानंतर तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा मी क्रॉसिंगचा, फुलांवर हातानं परागकण लावायचा, सीझन सांगितला. सीझन होताच, तेही खोटं नाही. पण खरं कारण हे की अर्ध्यामुर्ध्या माळा घेऊन यायची मला लाज वाटत होती. शेवटी मी ठरवलं की सगळं लिहून कळवायचं. फोनवर मला जमलं नसतं आणि पत्रलेखन तुम्हीच शिकवलेलं. पत्र टाकलं आणि रविवारची वाट बघू लागलो.

त्याच आठवड्यात तुम्हाला धाप लागली आणि तुमच्या भाचीनं, अनिताताईंनी, तुम्हाला जालन्याला आणलं. तुम्ही जालन्यात होता, बाई. माझ्या ऑफिसपासून रिक्षानं दहा मिनिटांवर, तीन दिवस. अनिताताईंकडे माझा नंबर नव्हता आणि तुमचा फोन गावातच राहिला होता. मला कळलं तेव्हा सगळं संपलं होतं, तुम्हाला गावी परत नेत होते.

परवा मी पिंपळगावला गेलो होतो. अनिताताई घर आवरत होत्या. खुंट्या मोकळ्याच होत्या. त्यांनी दाराच्या फटीतून आत पडलेली कागदपत्रं एका बाजूला ठेवली होती, विजेचं बिल, दोन लग्नपत्रिका आणि माझं पाकीट.

"हे तुमचंच अक्षर ना?" त्या म्हणाल्या. "मी फोडलं न्हाई. मावशीच्या नावाचं होतं."

मी त्यांनाही तिथंच सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "मावशी दवाखान्यातबी नर्सला विचारत होती, सलाईनला तुमच्या गावाकडं काय म्हणतेत. नर्स म्हणाली, आजी, गप पडून ऱ्हा." आम्ही दोघंही हसलो.

तुम्ही रागावला असता की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. माफ केलंत असं मी स्वतःच ठरवून टाकणं हे तर पुन्हा रोगिंगच झालं, नको ते उपटून टाकणं. म्हणून ठरवत नाही. पाकीट मी फोडलं ते फक्त इथं उतरवण्यासाठी. तुमच्यापर्यंत ते पोचलं नाही. चार लोकांसमोर ठेवलेलं बरं, म्हणजे मला त्यातला एकही शब्द काढता यायचा नाही.

जालना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. आई तुम्हाला जयभीम सांगते.

सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडे नाहीत. मी त्या दिवशी घरी आहेत म्हणालो, ते खोटं होतं. टाइप केलेल्या आहेत, पण जेवढ्या मी वगळल्या त्या सगळ्या मी रद्दीत दिल्या. रद्दीवाल्याकडे दोनदा जाऊन आलो. त्याचा माल त्याच महिन्यात पुढे गेला.

माझ्या कंपनीत प्रत्येक वाणाची वंशावळ एका रजिस्टरमध्ये असते. कोणत्या झाडातून कोणतं आलं, कोणत्या वर्षी. ते रजिस्टर हरवलं तर माझी नोकरी जाईल. तुमच्या चिठ्ठीची शेवटची ओळ म्हणजे तेच रजिस्टर होतं, आणि मला ते दिसलं नाही.

त्या चिठ्ठ्यांत आईचीही एक होती. तिचं नाव वाचून मी हसलो होतो आणि तरीही बाजूला टाकली होती. कापसाच्या प्लॉटवर बायका उद्या उमलणाऱ्या कळीला 'उद्याचं' म्हणायच्या. 'आजचं सोड, उद्याचं धर.' त्यावर तुम्ही लिहिलं होतं, कुणाकडून उचलला: 'आम्हीच केला'. मी म्हटलं, कळी हा शब्द आहेच की. परवा आईला विचारलं, तू उद्याचं म्हणायचीस ना? ती म्हणाली, "मी? न्हाई बा. आम्ही बड म्हणतो." हा इंग्रजीतला शब्द कुणाकडून शिकलीस विचारलं तर म्हणाली, "तुझ्याकडूनच की. तू साहेब झाल्यावर." तुम्हीच दाखवलं होतं की शब्द लेकराकडून आईकडे जातात. तेव्हा आपण दोघं किती खूश झालो होतो. येताना ते जुन्या शब्दाला हटवून जागा करून घेतात, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

गेले पाच रविवार मी फिरतोय. जेवढी नावं आठवली तेवढी वहीत लिहिली आणि त्या गावांना जातोय. बरेच लोक वारलेत. पण वाटूरला एका घरी गेलो, सासूबाई गेलेल्या, सून होती. तिला विचारलं, सासूबाईंचे शब्द तुम्हाला येतात का? ती म्हणाली, "माझं तर कधी जमलंच न्हाई त्यांच्याशी. मी माझंच बोलते. पण लेकीवर ओरडायचं असलं की तोंडातून त्यांचंच येतं, अन् लेक म्हणती, आजी बोलली." मी तिच्याकडून अकरा शब्द घेतले, त्यातले सात छापण्यासारखे नाहीत. तरी लिहिले. रक्ताचा संबंध नाही, मनाचाही नव्हता, आणि तरी टिकलं. हे कोणत्या नियमात बसवायचं ते तुम्ही सांगा. तुमच्या आधी हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

सगळं परत येणार नाही, हे मला माहीत आहे. नव्या चिठ्ठ्या चौऱ्याऐंशी झाल्यात. नाव आधी लिहितो, शब्द नंतर.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. निवडताना प्रत्येक चिठ्ठीवरचं नाव माझ्या डोळ्यांखालून गेलं, ठेवलेल्याही आणि टाकलेल्याही. त्यात तुमच्या नावाची एकसुद्धा नव्हती. तुम्ही स्वतः कशाला काय म्हणता, 'जनुक' सोडलं तर कुणाकडून काय उचललं, हे तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही. तीस वर्षांत तुम्हाला कुणी विचारलंच नाही बहुतेक. मीही नाही.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. रागवायचं असेल तर आधी रागवा, मी ऐकून घेईन. मग तुम्ही बोला, मी लिहितो.

तुमचा
मिलिंद